जुन्या खिशातल्या घड्याळाचे झिजलेले भाग बदलताना

प्रश्न असा आहे: आजोबांचे चांदीच्या डबीतले, 15 ज्वेलचे (झीज टाळणारे 15 खडे बसवलेले) स्विस खिशातले घड्याळ आहे. चावी पूर्ण दिली तरी ते आपणहून सुरू होत नाही. हलवले तर अर्धा मिनिट चालते आणि थांबते. छंद म्हणून ते स्वतःच्या हाताने दुरुस्त करायचे आहे. तसेच दिसणारे दुसरे एक बंद घड्याळ जुन्या बाजारात स्वस्तात मिळते आहे. त्याचे भाग काढून यात बसवावेत का, आणि घरी कोणते भाग बदलता येण्याजोगे असतात?

दुसरे घड्याळ आज घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी हातातले घड्याळ खोलून, स्वच्छ करून, नेमके काय झिजले आहे आणि ते कशामुळे झिजले आहे हे ठरवा. घड्याळात झीज एकट्या भागाला क्वचितच लागते. पिव्हट (आसाचे बारीक टोक) आणि त्याचे छिद्र, पिनियन (लहान दातेरी चाक) आणि त्याला फिरवणारे चाक, रोलरचे (बॅलन्स म्हणजे झोके घेणाऱ्या चाकाच्या आसावरच्या चकतीचे) ज्वेल आणि पॅलेटचा काटा (बॅलन्सला धक्का देणारी तरफ) अशा जोड्या एकमेकांना झिजवत असतात. जोडीतला डोळ्यांना दिसणारा भाग बदलून दुसरा तसाच ठेवला, तर नवा भाग जुन्यापेक्षा लवकर खराब होतो. याचे सर्वांत नेहमीचे उदाहरण म्हणजे तडा गेलेले ज्वेल. तड्याची धार पोलादी पिव्हटवर बारीक चरे पाडते, पिव्हट खराब झाला म्हणून नवा स्टाफ (बॅलन्सचा आस) बसवला जातो, आणि ज्वेलकडे कोणी पाहिलेले नसल्यामुळे वर्षभरात त्याच जागी पुन्हा चरे पडतात.

दुसरी गोष्ट नवशिक्यांना चकवते. पितळ मऊ आणि पोलाद कठीण, तेव्हा झिजणार ते पितळ, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात बरेचदा उलटे होते. वाळलेल्या तेलात मिसळलेली धूळ मऊ पितळात रुतून बसते आणि मग ते पितळ समोरच्या पोलादावर सहाणेसारखे काम करते. म्हणूनच जुन्या घड्याळात चाकाचे पितळी दाते शाबूत दिसतात आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या पोलादी पिनियनच्या पाकळ्यांवर खोल खाचा दिसतात. अशा वेळी पिनियन बदलताना चाकाचे दाते टोकदार लाकडी काडीने एकेक घासून स्वच्छ करणे हा कामाचा निम्मा भाग समजावा.

तपासणी करताना पहिले काम कमानीतला (घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगमधला) ताण उतरवण्याचे. चावी बोटांत घट्ट धरून क्लिक (कमान उलटी सुटू न देणारा खटका) हलकेच मागे घ्यायची आणि चावी बोटांतून सावकाश फिरू द्यायची. हे न करता पॅलेटचा ब्रिज (त्याला वरून धरणारी पट्टी) सैल केला, तर साठलेली सगळी ताकद एका झटक्यात चाकांतून सुटते आणि पिव्हट मोडतात. त्यानंतर बॅलन्स जागेवर असतानाच चिमट्याच्या टोकाने तो हलकेच वर-खाली आणि आडवा हलवून पाहा. वर-खाली केसभर हालचाल हवी, ती नसेल तर पिव्हट आवळला जातो. पण आडवी हालचाल स्पष्ट जाणवली किंवा बॅलन्स एका बाजूला कललेला दिसला, तर पिव्हट मोडला आहे किंवा ज्वेल फुटले आहे असे समजा. खिशातल्या घड्याळात बॅलन्सचा पिव्हट साधारण 0.10 ते 0.14 मिमी जाडीचा असतो. इन्काब्लॉकसारखी धक्काशोषक रचना 1930 च्या दशकात आली. त्याआधीच्या घड्याळात धक्का थेट याच टोकांवर बसत असे, आणि टेबलाच्या उंचीवरून पडणेसुद्धा पिव्हट मोडायला पुरेसे असे.

मात्र तुम्ही सांगितलेले लक्षण केवळ वाळलेल्या तेलाचेही असू शकते. म्हणून भाग बदलण्याचा विचार मशीन पूर्ण खोलून धुतल्यानंतरच करावा. धुताना एक काळजी जिवापाड घ्यावी लागते: पॅलेटचे दगड आणि रोलरचे ज्वेल लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पॅलेट आणि बॅलन्स स्पिरिटमध्ये किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजत ठेवू नयेत, त्यांच्यासाठी लायटरमध्ये भरायचे शुद्ध पेट्रोल वापरावे. धुतल्यावर दहापट मोठे दाखवणाऱ्या आयग्लासखाली प्रत्येक पिव्हट प्रकाशात फिरवून पाहा. चांगला पिव्हट काळसर आरशासारखा एकसंध चमकतो. झिजलेल्यावर आडवी रेघ दिसते किंवा त्याचे टोक भोवऱ्याच्या आरीसारखे निमुळते झालेले असते. ज्वेलच्या छिद्रात लाकडी काडीचे टोक फिरवून बाहेर काढा. टोकाचे तंतू उचकटले असतील, तर डोळ्यांना न दिसणारा तडा तिथे आहे.

आपल्याकडच्या, विशेषतः कोकणपट्टीतल्या आणि मुंबईतल्या घड्याळांत झिजेइतकाच गंज महत्त्वाचा ठरतो. चावीचा दांडा, सेटिंग लिव्हरचा स्क्रू आणि क्लिकची स्प्रिंग हे भाग दमट हवेत आधी जातात, कारण बाहेरची हवा दांड्याच्या छिद्रातूनच आत शिरते. गंजलेल्या स्क्रूचे डोके तुटून आट्यांचा भाग प्लेटमध्ये अडकला, तर तुरटीचा उपाय उत्तम आहे. प्लेटवरचा प्रत्येक पोलादी भाग काढून टाकायचा, कोमट पाण्यात मावेल तितकी तुरटी विरघळवायची आणि प्लेट त्यात बुडवून ठेवायची. काही तासांत ते एक-दोन दिवसांत अडकलेले पोलाद काळे पडून भुसभुशीत होते आणि सुईने उकरता येते. पितळाला काही होत नाही. निकेलचा मुलामा असलेली प्लेट असेल, तर दर थोड्या वेळाने काढून पाहावी. एखादाही पोलादी पिन किंवा स्प्रिंग प्लेटमध्ये राहून गेली, तर तीही विरघळते, म्हणून बुडवण्यापूर्वी दोनदा खात्री करावी.

आता प्रत्यक्ष बदलण्याकडे येऊ. माझ्या मते बहुतेक वेळा न विचारता बदलावा असा भाग एकच, तो म्हणजे कमान, अर्थात मेनस्प्रिंग. जुन्या निळ्या पोलादी कमानी दशकानुदशके गुंडाळलेल्या राहिल्यामुळे सैलावतात. बॅरलमधून (कमान ठेवलेल्या दातेरी डबीतून) काढल्यावर चांगली कमान मोठी पसरते, काही कमानी तर उलट्या बाजूला वळून इंग्रजी एस अक्षरासारख्या. थकलेली कमान गुंडाळीतच पडून राहते. नव्या मिश्रधातूच्या पांढऱ्या कमानी गंजत नाहीत आणि सहसा मोडत नाहीत. कमान मागवताना उंची, जाडी, लांबी आणि बाहेरच्या टोकाची पकड या चार गोष्टी लागतात. जाडीच्या बाबतीत अजिबात सढळ होऊ नका. कमानीची ताकद उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 0.20 मिमीऐवजी 0.22 मिमीची कमान घातली, तर ताकद सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. मग बॅलन्स इतका झोके घेतो की रोलरचे ज्वेल पूर्ण फेरी मारून काट्याच्या बाहेरच्या बाजूवर आदळते. घड्याळ एकाएकी खूप पुढे जाऊ लागते आणि काही दिवसांत ते ज्वेल निखळते. घड्याळ अशक्त चालते म्हणून जाड कमान घालणे ही वाईट सवय आहे. अशक्तपणाचे कारण घर्षणात असते आणि ते तिथेच शोधावे.

लांबीचेही तसेच. जास्त लांब कमान घातली की घड्याळ जास्त तास चालेल, असे वाटते, पण कमानीने बॅरल जास्त भरले की फेरे कमी होतात. उतरलेल्या कमानीने बॅरलची भिंत आणि मधला आर्बर (आस) यांच्यामधल्या मोकळ्या क्षेत्रफळाचा निम्मा भाग व्यापावा, हे माप लक्षात ठेवावे. कमान हाताने पिळून आत ढकलू नये. तसे केल्यास ती शंकूसारखी वाकते आणि बॅरलच्या तळाला व झाकणाला कायमची घासत राहते. नवी कमान गोल कड्यात गुंडाळून येते. कड्याचा व्यास बॅरलपेक्षा किंचित लहान असेल, तर ती थेट ढकलता येते, नाहीतर वाइंडर (कमान गुंडाळून आत सोडणारे अवजार) लागतो. गुंडाळीची दिशा बॅरलच्या फिरण्याशी जुळते की नाही, हे ढकलण्यापूर्वी पाहावे. आधीची कमान मोडलेली सापडली, तर बॅरलचे आणि मधल्या चाकाचे दाते आवर्जून तपासा, कारण मोडतानाचा उलटा झटका त्यांच्यावर बसलेला असतो. अमेरिकन वॉल्थम घड्याळांत याचसाठी मधल्या चाकावर सुटून येणारे सेफ्टी पिनियन दिलेले असे.

बॅलन्स स्टाफ हा छंद करणाऱ्याच्या कसोटीचा भाग आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. स्टाफ विकत मिळणे हे मशीनची ओळख पटण्यावर अवलंबून असते आणि तबकडीवरचे नाव त्यासाठी पुरेसे नसते. वेस्ट एंड किंवा फेवर-ल्युबा यांसारख्या, मुंबईत विक्री करणाऱ्या कंपन्यांची नावे तबकडीवर असली, तरी आतले मशीन दुसऱ्याच कारखान्याचे असू शकते. काही वेस्ट एंड घड्याळांत लॉन्जिनचे मशीन आढळते. तबकडी काढून तिच्या खालच्या प्लेटवर आणि बॅलन्सच्या खाली कारखान्याची खूण व क्रमांक शोधा आणि प्लेटचा व्यास मोजा. स्विस मापात एक लीन्य म्हणजे 2.256 मिमी, तेव्हा 42.9 मिमी व्यासाचे मशीन 19 लीन्यचे. अमेरिकन घड्याळांत हे काम सोपे आहे: मशीनवरच्या अनुक्रमांकावरून मॉडेल आणि दर्जा कळतो. मात्र क्रमांक मशीनवरचाच पाहावा, डबीवरचा नाही, कारण तिथे ग्राहक दुकानात मशीन आणि डबी वेगवेगळी निवडत असे. स्विस सुट्या भागांच्या यादीत भागांनाही ठरलेले क्रमांक असतात: बॅलन्स स्टाफ 723, मेनस्प्रिंग 770, चावीचा दांडा 401, क्लिक 425, पॅलेट 710. जुन्या पाकिटांवर मशीनचा क्रमांक आणि हा भागक्रमांक एवढेच छापलेले असते.

क्रमांक जुळला तरी स्टाफ मोजल्याशिवाय बसवू नये. एकाच मशीनच्या वेगवेगळ्या काळातल्या स्टाफमध्ये फरक असतो आणि जुन्या साठ्यातल्या पाकिटांत चुकीचा भागही निघतो. एकूण लांबी, रोलरच्या जागेचा व्यास, बॅलन्सच्या जागेचा व्यास, हेअरस्प्रिंगच्या (बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या) कॉलेटच्या, म्हणजे आतल्या टोकाच्या कड्याच्या, जागेचा व्यास आणि दोन्ही पिव्हट ही मापे शतांश मिलिमीटरपर्यंत घ्यावीत.

काढण्यापूर्वी बॅलन्सचे वरून चित्र काढा: हेअरस्प्रिंगचा स्टड (तिचे बाहेरचे टोक धरणारा खुंट) बॅलन्सच्या कोणत्या स्क्रूसमोर आहे, रोलरचे ज्वेल भुजेच्या कोणत्या बाजूला आहे. मग हेअरस्प्रिंग आणि रोलर काढायचे. रोलरसाठी खास ओढणारे अवजार असते; ते नसेल, तर काम तिथेच थांबवावे. रिव्हेट केलेला स्टाफ ठोकून बाहेर काढू नये. ठोकल्यावर रिव्हेटची पसरलेली कड भुजेचे छिद्र रुंद करते आणि नवा स्टाफ तिथे कधीच मध्यावर बसत नाही. लेथवर जुन्या स्टाफचा हब किंवा रिव्हेट कापून तो सोडवणे हीच योग्य रीत. लेथ नसेल, तर एवढे काम एखाद्या जुन्या घड्याळजींकडून करून घ्यावे आणि पुढचे स्वतः करावे. त्यांना नवा स्टाफ आणि रिकामा बॅलन्स द्या, पण हेअरस्प्रिंग घरीच ठेवा. नवा स्टाफ स्टेकिंग सेटमध्ये (पंच सरळ धरणाऱ्या संचात) उभा करून आधी गोल तोंडाच्या आणि नंतर सपाट तोंडाच्या पंचने, बॅलन्स दर ठोक्याला थोडा फिरवत, अगदी हलक्या ठोक्यांनी रिव्हेट करतात.

त्यानंतर बॅलन्स कॅलिपरमध्ये फिरवून तो सपाट आणि गोल आहे ना हे पाहायचे. पितळ आणि पोलाद जोडून केलेला, कड कापलेला जुना बॅलन्स बोटाच्या दाबानेही वाकतो, म्हणून तो नेहमी भुजेला धरावा. मग त्याचा तोल: माणकाच्या धारांच्या पॉइझिंग टूलवर ठेवल्यावर जड बाजू खाली येते. तिथल्या स्क्रूच्या डोक्याखालून किंचित वजन कमी करा किंवा समोरच्या स्क्रूखाली पातळ वॉशर घाला. वजन कमी केले की घड्याळ पुढे जाते, वॉशर घातला की मागे पडते. म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवावा. कडेवर कानस लावू नये. शेवटी हेअरस्प्रिंग चित्राप्रमाणे बसवायची आणि ताण नसताना पॅलेटचा काटा बरोबर मध्यावर उभा राहतो का हे पाहायचे. नसेल, तर कॉलेट किंचित फिरवावी लागते, कारण या घड्याळांत सरकता स्टड नसतो.

ज्वेलच्या बाबतीत मी जपून राहण्याच्या बाजूचा आहे. जुन्या प्लेटमध्ये ज्वेल कडेचा धातू वळवून किंवा स्क्रूने धरलेल्या पितळी कोंदणात बसवलेले असते. स्क्रूचे कोंदण त्याच मशीनच्या दुसऱ्या प्रतीतून घेऊन बदलता येते आणि हे घरी होण्यासारखे आहे, फक्त बसल्यावर चाकाची उभी मोकळीक पुन्हा तपासावी. छिद्र मोठे करून दाबून बसणारे आधुनिक ज्वेल घालणेही शक्य आहे, पण त्यात मूळ कोंदण कायमचे जाते. सामान्य मशीनमध्ये मी ते करतो, चांगल्या मशीनमध्ये करत नाही. ज्वेल नसलेले पितळी छिद्र लांबट झाले असेल, तर मूळ मध्यबिंदू शोधून बुश (छोटी पितळी नळी) बसवावा. छिद्राभोवती पंचने ठोकून ते आवळण्याची जुनी युक्ती अनेक घड्याळांत दिसते; तिने मध्य सरकतो आणि प्लेट कायमची विद्रूप होते.

आता त्या दुसऱ्या घड्याळाविषयी. मुंबईच्या चोरबाजारात काय, इतरत्र काय, दिसायला सारखी घड्याळे भरपूर असतात. ते झाकण उघडून मशीनचा कारखाना, क्रमांक, व्यास आणि ब्रिजचा आकार जुळत असेल तरच घ्या. ब्रांट बंधूंच्या कारखान्याने 1894 मध्ये काढलेल्या 19 लीन्यच्या ओमेगा मशीनची कीर्ती त्याचे भाग हाताने न जुळवता एकमेकांच्या जागी बसत म्हणून झाली. त्याच काळातल्या सगळ्याच कारखान्यांना ते साधले नव्हते. जुन्या इंग्रजी फ्यूझी (कमानीची ताकद शंकूवरच्या साखळीतून सारखी ठेवणाऱ्या) घड्याळांत तर प्रत्येक भाग त्या एकाच घड्याळासाठी घासून बसवलेला असतो, तिथे भागांसाठी घेतलेले दुसरे घड्याळ उपयोगी पडत नाही. बॅलन्स घ्यायचा झाला, तर हेअरस्प्रिंगसह पूर्ण घ्यावा, कारण हेअरस्प्रिंग त्या बॅलन्सच्या वजनाला जुळवलेली असते. तुमची हेअरस्प्रिंग गंजली असेल, तर हाच सगळ्यांत व्यवहार्य मार्ग आहे. काढलेले मूळ भाग तारीख आणि कारण लिहून लहान पाकिटात ठेवा. डबीबरोबर तेही घराण्याचे आहेत.

जोडणी झाल्यावर चाकांच्या पिव्हटना बारीक तेलाचा थेंब, बॅरल आणि चावीच्या भागांना ग्रीस, पॅलेटच्या दगडांना अगदी थोडे तेल, आणि पॅलेटच्या पिव्हटना काहीच नाही. ही घड्याळे बहुधा तासाला 18,000 ठोक्यांची असतात. टायमिंग यंत्रावर पूर्ण चावी दिलेले मशीन सपाट ठेवल्यावर झोका 270 ते 300 अंशांच्या दरम्यान आला, तर काम उत्तम झाले. उभ्या स्थितीत तो तीसेक अंशांनी कमी येणे स्वाभाविक आहे. त्या यंत्रात लिफ्ट अँगल (एका ठोक्यात काट्याशी जुळून बॅलन्स फिरतो तो कोन) तुमच्या मशीनचा भरलेला नसेल, तर झोक्याचा आकडा खोटा दाखवला जातो, ठोक्यांचा दर मात्र खरा असतो.

सपाट स्थितीत बरोबर चालणारे घड्याळ उभे करून निरनिराळ्या बाजूंनी फिरवल्यावर एका बाजूला फार पुढे आणि समोरच्या बाजूला फार मागे जात असेल, तर बॅलन्सचा तोल अजून राहिलेला आहे. ही तपासणी कमी चावीवर, झोका 150 ते 180 अंशांच्या आसपास असताना करावी. सुमारे 220 अंशांना तोलातल्या दोषाचा परिणाम शून्य होतो आणि त्याच्या वर तो उलटा दिसतो, त्यामुळे पूर्ण चावीवर घेतलेले वाचन दिशाभूल करते. कमी झोक्यावर ज्या स्थितीत घड्याळ सर्वाधिक पुढे जाते, त्या स्थितीत बॅलन्स स्थिर असताना सर्वांत खाली येणारा स्क्रू जड आहे. त्याच्या डोक्याखालून एका वेळी कणभरच धातू काढा आणि पुन्हा मोजा.